डॉर्टमुंडच्या युवाकेंद्रातील स्वयंसेवेचे वर्ष

परदेशी जाण्याची कारणे आपल्याकडे ठरलेली असतात: शिक्षण, नोकरी, नाहीतर लग्न. सप्टेंबर २०२३ मध्ये मी जर्मनीतील डॉर्टमुंड येथे एका युवाकेंद्रात वर्षभर स्वयंसेविका म्हणून काम करण्यासाठी निघाले, तेव्हा नाशिकच्या आमच्या घरी यांतले एकही कारण लागू पडेना. आत्याने विचारले, "अगं, समाजसेवाच करायची तर त्र्यंबकच्या पाड्यांवर जा की. जर्मनीला कसली आली आहे गरज?" प्रश्न रास्त होता. मी दिलेले उत्तर अर्जासोबतच्या पत्रातून उचललेले होते आणि आत्याला ते पटले नाही, यात नवल नाही.

ज्या योजनेतून मी गेले, तिचा इतिहास थोडक्यात सांगते. जर्मनीत २०११ पर्यंत तरुण मुलग्यांना लष्करी सेवेची सक्ती होती आणि ज्यांना हाती शस्त्र धरायचे नसे, त्यांना त्याऐवजी रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत किंवा अपंगांच्या संस्थांत नागरी सेवा करावी लागे. ही सक्ती स्थगित झाली आणि १ जुलै २०११ पासून 'बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट' ही संघीय स्वयंसेवा योजना सुरू झाली. तीत सहा ते अठरा महिने काम करता येते, बहुतेक जण वर्षभराचा करार करतात आणि परदेशी नागरिकांनाही ती खुली आहे. जर्मन तरुणांना आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत पाठवणारी 'वेल्टवेर्ट्स' ही सरकारी योजना २००८ पासून चालू होती. तिकडच्या तरुणांनीही जर्मनीत यावे, अशी उलट दिशेची सोय तीत २०१३ मध्ये झाली. मी मात्र वेल्टवेर्ट्समधून न जाता थेट एका मध्यस्थ संस्थेकडे अर्ज केला होता.

जर्मन मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे आणि या योजनेची खरी माहिती तिथल्या माहितीपत्रकांपेक्षा फर्ग्युसन रस्त्यावर चहा पिताना अधिक मिळते, असा माझा अनुभव आहे. माझ्या दोन वर्षे आधी गेलेल्या एका मुलीने मला बजावले होते की, बी-१, म्हणजे भाषेच्या मध्यम पातळीचे प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय मुलांसोबतचे काम मागू नकोस, कारण वृद्धाश्रमात लोक तुझ्यासाठी हळू बोलतील, पंधरा वर्षांची पोरे बोलणार नाहीत. तिचे म्हणणे पुढे शब्दशः खरे ठरले.

ऑनलाइन मुलाखतीत मला दोन प्रश्न विचारले गेले, ते लक्षात राहिले आहेत. एखादा मुलगा तोंडावर उद्धटपणे बोलला तर काय कराल, हा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. दुसरा प्रश्न असा होता की, नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडेल आणि घरची आठवण येईल, तेव्हा तुम्ही कोणाशी बोलाल? नोकरीच्या मुलाखतीत असे कोणी विचारत नाही. निवड झाल्यावर जो करार आला, त्यावर माझी, युवाकेंद्राची आणि ही योजना चालवणाऱ्या कोलोन येथील संघीय कार्यालयाची अशा तिघांच्या सह्या होत्या. कायद्याने हा करार स्वयंसेवक आणि जर्मन संघराज्य यांच्यातला असतो, आणि व्हिसाच्या खिडकीवर त्या कागदाला जे वजन प्राप्त होते ते यामुळेच.

व्हिसाची प्रक्रिया मुंबईतून झाली. शुल्क ७५ युरो होते. त्याशिवाय करार, भाषेचे प्रमाणपत्र, राहण्याच्या जागेचा आणि आरोग्यविम्याचा पुरावा एवढी कागदपत्रे लागली. यांतले काहीच अवघड नव्हते, फक्त एका कागदासाठी दुसरा अडून राहत असे. खरी धावपळ दोन वेगळ्याच गोष्टींनी करायला लावली. लहान मुलांसोबत काम करणाऱ्याचा गुन्हेगारी पूर्वेतिहास तिथे तपासला जातो; मी तिथे कधीच राहिलेली नसल्यामुळे जर्मन नोंदवहीत माझ्याबद्दल काहीच निघाले नसते, म्हणून संस्थेने इथले पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितले आणि ते पासपोर्ट सेवा केंद्रातून काढावे लागले. दुसरी गोष्ट गोवराच्या लसीची. मार्च २०२० पासून जर्मनीत शाळा आणि पाळणाघरे येथे काम करणाऱ्यांना गोवराच्या लसीकरणाचा पुरावा देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि माझ्या दिवसाचा पहिला भाग एका प्राथमिक शाळेत जाणार होता. माझे लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आईने जपून ठेवले होते, परंतु त्यावर एकच डोस नोंदलेला होता. शेवटी चार आठवड्यांच्या अंतराने दोन्ही डोस नव्याने घेतले. दंडावर टोचून घेताना नर्सबाईंनी विचारले, "बाळ कोणाचं?"

पोचल्यानंतरचे कागदी सोपस्कार थोडक्यात सांगून टाकते. दोन आठवड्यांच्या आत घरमालकाच्या सहीच्या कागदासह पत्त्याची नोंदणी करायची असते. नंतर कर क्रमांक टपालाने येतो, बँकेत खाते उघडता येते आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचे कार्ड मिळते. स्वयंपाकघरात हात लावण्यापूर्वी आरोग्य कार्यालयाकडून स्वच्छतेविषयी रीतसर समज घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्रही मिळते. पैशांचे गणित सांगायचे तर स्वयंसेवकाला हातखर्चासाठी मिळणाऱ्या खिशातल्या पैशाला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे; २०२३ मध्ये ती महिना ४३८ युरो होती आणि मला त्याहून थोडे कमी मिळत. खोली आणि विम्याचा हप्ता केंद्राकडे होता. ४९ युरोंच्या मासिक पासावर देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस चालत, त्यामुळे फिरणे परवडत असे. सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो आहे, ती सोबतच्या मुलींत वाटून घेतली. चैन नव्हती, ओढाताणही नव्हती.

केंद्र डॉर्टमुंडच्या मुख्य स्थानकाच्या उत्तरेला, नॉर्डश्टाट या भागात होते. तिथला बोर्झिगप्लाट्झ हा चौक फुटबॉलवेड्यांना ठाऊक असतो, कारण १९०९ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंड हा संघ तिथेच जन्मला. त्या चौकाजवळ होएश कंपनीचा पोलादाचा कारखाना होता. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला, त्यानंतर जी माणसे आली त्यांतली कित्येक या भट्ट्यांवर लागली. आमच्या केंद्रात येणाऱ्या अनेक मुलांचे आजोबा तिथून निवृत्त झालेले होते. आता या मुलांच्या शेजारी सीरिया, बल्गेरिया, रुमानिया आणि युक्रेनमधून आलेली मुले बसत. शहराच्या दक्षिणेला होएर्डे भागातला पोलाद कारखाना तर सुटा करून चीनला विकला गेला आणि त्याच्या जागी २०१० पासून पाणी भरून फिनिक्स हे तळे तयार केले. काठावर महागडी घरे उभी राहिली. मुलांना घेऊन आम्ही तिथे सहलीला गेलो होतो. गिरणगावातल्या चिमण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल पाहिलेल्या माणसाला या तळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

दुपारी बाराला शेजारच्या प्राथमिक शाळेत जेवण वाढणे आणि गृहपाठाला बसणे, आणि तीन ते आठ या वेळेत युवाकेंद्र, असा माझा दिवस असे. युवाकेंद्र म्हणजे शिकवणी वर्ग नव्हे. तिथे हजेरीपट नाही, प्रवेश शुल्क नाही, दार उघडे असते आणि ज्याला यावेसे वाटेल तो येतो, कंटाळला की जातो. आत बिलियर्डचे टेबल, दांडे फिरवून खेळायचा टेबल फुटबॉल, एक स्वयंपाकघर आणि एक काउंटर, जिथे पन्नास सेंटला वॉफल मिळे. तीन पगारी समाजकार्यकर्ते होते. सगळ्यांना नावाने हाक मारायची रीत होती. केंद्रप्रमुख बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या आणि त्यांना नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ बरेच दिवस अडखळत होती.

मला पहिल्या आठवड्यापासून खटकू लागलेली गोष्ट अशी की, माझ्यावर काहीच अडून नव्हते. मी आले नसते तरी केंद्र चालले असते. हे योगायोगाने नव्हे, कायद्याने ठरवलेले आहे: स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घेता कामा नये, त्याचे काम नेहमी वरचे, जादाचे असले पाहिजे. मुलांसोबत मला एकटीला सोडत नसत, किल्ल्या माझ्याकडे नसत, पालकांशी औपचारिक बोलणे माझे काम नव्हते. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवसांत बंधारा बांधून, सरपंचांच्या हस्ते श्रीफळ घेऊन परतण्याची सवय असलेल्या मला हे जादाचे असणे अपमानास्पद वाटत होते. केंद्रप्रमुख बाईंना तसे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हा तिघांना सतत कुठेतरी जायचे असते. तुला कुठेही जायचे नाही, हे मुलांना कळायला महिना लागेल."

त्याआधी मुलांनी माझी चौकशी करून घेतली. टेबल फुटबॉल खेळताना तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "तुला किती तास मिळाले आहेत?" मला प्रश्नच समजला नाही. मग त्याच्या मित्राने खुलासा केला: जर्मनीत किरकोळ गुन्ह्यासाठी अल्पवयीन मुलांना न्यायालय काही तास विनामोबदला काम करण्याचा आदेश देते, त्यांतली काही मुले आमच्याच केंद्रात झाडलोट करायला येत. पैसे न घेता काम करणारा माणूस म्हणजे कोर्टाने पाठवलेला, असा त्यांचा साधा हिशेब होता. मी काय चोरले याबद्दल त्यांच्यात पैजा लागल्या होत्या म्हणे. मी स्वखुशीने आले आहे, हे सांगितल्यावर त्यांच्या नजरेतला माझा भाव उतरला.

नववीतल्या मुलांना कुठल्यातरी आस्थापनेत दोन-तीन आठवडे अनुभवासाठी जावे लागते आणि त्यासाठी स्वतः अर्ज लिहून जागा मिळवायची असते. जानेवारीत एक मुलगी दंतवैद्याच्या दवाखान्यासाठी अर्ज घेऊन माझ्या शेजारी बसली. ती तिथेच जन्मलेली, बोलायला लागली की माझ्या डोक्यावरून जायचे. पण लिहिताना विभक्ती आणि लिंग यांचा सगळा गोंधळ. माझे उलटे होते. माझे बोलणे तुटक, परंतु रानडेमधल्या मॅडमनी घोटवून घेतलेले व्याकरण पक्के. ओळीन्‌ओळ तपासत आम्ही अर्ज पुरा केला. "तुला हे सगळं कसं येतं? तू तर नीट बोलतही नाहीस," असे तिने सरळ विचारले. त्याच आठवड्यात मला डॉक्टरांची वेळ घ्यायची होती आणि फोनवरच्या जर्मनची मला धास्ती वाटे. तो फोन तिने लावला, माझे आडनाव अक्षर-अक्षर सांगितले, पलीकडच्या बाईंनी पुढच्या महिन्याची तारीख देताच हुज्जत घालून त्याच आठवड्याची मिळवली आणि फोन ठेवून म्हणाली, "असं बोलायचं असतं." पुढे तिला तिची जागा मिळाली. अर्जाचे आणि फोनचे हे देणेघेणे इतर मुलींनाही कळले आणि त्यानंतर संध्याकाळी पाच ते सहा माझ्या टेबलाशी कोणी ना कोणी असेच.

२०२४ चा रमजान ११ मार्चला सुरू झाला. केंद्रातली निम्मीअधिक मुले रोजा धरणारी होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांची डोकी तापलेली असत आणि टेबल फुटबॉलचे दांडे जरा जास्तच जोरात आपटत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मसुराचे सूप त्या करीत, मी कांदे चिरत असे, आणि रमजानात मिळणारी तिळाची गोल रोटी आणायला मुलगे तुर्की बेकरीसमोर रांग लावत. सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होत असे, त्यामुळे रोजा सोडून, खाऊन, भांडी घासूनही आठला केंद्र बंद करता येई. ३१ मार्चला मात्र घड्याळे तासाने पुढे गेली आणि सूर्यास्त एकदम आठच्या पुढे सरकला. आता रोजा सोडायच्या क्षणी दाराला कुलूप लावायची वेळ होणार होती. कर्मचाऱ्यांच्या साप्ताहिक बैठकीत यावर जवळजवळ तासभर चर्चा झाली. पाळीचे तास, शेजाऱ्यांची शांतता, लहान मुलांनी अंधारात घरी जाणे, सगळे निघाले. अखेर उरलेल्या दिवसांपुरते केंद्र तासभर उशिरा उघडून तासभर उशिरा बंद करायचे ठरले. युक्रेनचा एक मुलगा तोवर वॉफल खाणे सोडून बाकीच्यांसोबत सूर्यास्ताची वाट पाहत बसू लागला होता. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

घड्याळे पुढे गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, जर्मनीत प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. युवाकेंद्राच्या दारापासून शंभर मीटरच्या टप्प्यात, जिथून ते दिसते तिथे, ओढायला मनाई आहे आणि अठराच्या आतल्यांना तो अजूनही वर्ज्य आहे. परंतु मुलांना आणि त्यांच्या पालकांना हे समजावण्यात बरेच दिवस गेले. ते काम पगारी माणसांनी केले. मी फलक रंगवले.

आता एक अवघड गोष्ट. एके संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसलेला एक मुलगा त्याच्या घरातल्या माणसाविषयी असे काही बोलला की, मला पुढचे ऐकवेना. "कोणाला सांगणार नाहीस ना?" असे त्याने विचारले. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, ते आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलेले होते: गुप्ततेचे वचन कधीही द्यायचे नाही. मी त्याला म्हटले की, मला हे आतल्या बाईंना सांगावे लागेल, तू सोबत येतोस का? तो आला नाही. मी आत जाऊन सांगितले, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून दिले, आणि माझ्यापुरते काम तिथे संपले. जर्मनीत २००० पासून मुलांना हिंसामुक्त संगोपनाचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि मुलाला धोका आहे असे वाटल्यास प्रशिक्षित माणसांनी एकत्र बसून त्याचा अंदाज कसा घ्यायचा, पालकांना कधी विचारायचे, बालकल्याण विभागाला कधी कळवायचे, याची रीत ठरलेली आहे. त्या रीतीत माझे स्थान पहिल्या पायरीवर होते. पुढे काय झाले हे मला सांगितले गेले नाही, विचारल्यावरही नाही, कारण ती माहिती त्या मुलाची होती. तो नंतरही केंद्रात येत राहिला, माझ्याशी काही आठवडे बोलला नाही, मग एक दिवस टेबल फुटबॉलला गडी कमी पडला म्हणून त्याने मला हाक मारली. आपल्याकडे अशा वेळी चार शेजारी मध्ये पडतात आणि आठवड्याभरात सगळ्या गल्लीला सगळे ठाऊक होते. मला ही गुप्तता तेव्हा फार जाचली. आज मी तिच्या बाजूची आहे.

सत्ताविशीच्या आतल्यांना वर्षातून किमान पंचवीस दिवस प्रशिक्षणाचे असतात आणि ते कामाचे दिवसच मानले जातात. ठिकठिकाणचे स्वयंसेवक एकत्र येतात, त्यामुळे आपल्याच केंद्रात असे घडते की सगळीकडे, हे कळते. त्यांत राज्यशास्त्राचाही एक भाग असतो, जिथे शिकवणाऱ्याने स्वतःचे मत विद्यार्थ्यांवर लादायचे नाही, असा दंडक आहे. बाकी काही सत्रे, विशेषतः कागदाचे मनोरे रचून संघभावना शिकवणारी, टाळता आली असती तर मी टाळली असती.

जूनमध्ये युरो चषकाचे सामने डॉर्टमुंडमध्ये होते. १८ जूनला संध्याकाळी सहाला तुर्कस्तान आणि जॉर्जिया यांचा सामना, तोही आमच्या शहरात, आणि धो धो पाऊस. तिकिटे परवडणारी नव्हती, पण केंद्रात पडदा होता. लाल सदरे घातलेली मुले खिडक्यांपर्यंत दाटली होती. त्यांतल्याच निम्म्यांनी चार दिवसांपूर्वी जर्मनीच्या पाच गोलांवर तितकाच धिंगाणा घातला होता. तुर्कस्तान ३-१ ने जिंकल्यावर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले आणि मुलांना आवरता आवरता तिघा पगारी माणसांची तारांबळ उडाली. त्या रात्री दाराशी उभे राहून कोण कोणासोबत घरी निघाले, हे टिपून घेण्याचे काम माझ्याकडे होते. सगळ्यांची नावे मला येत होती.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. वर्ष बहुधा ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते, म्हणून आदल्या हिवाळ्यातच अर्ज करावा, नाहीतर व्हिसाला वेळ पुरत नाही. खिशातल्या पैशाची मर्यादा मे २०२४ मधल्या कायद्याने वाढली आहे, पण मर्यादा वाढली म्हणून केंद्राने तेवढेच द्यावे असे नाही. आकडा करारातच वाचून घ्यावा. मुलाखतीत त्यांनी प्रश्न विचारून झाले की आपणही विचारावे: पगारी कर्मचारी किती आहेत, स्वयंसेवकासाठी नेमलेली व्यक्ती कोण, तिच्याशी दर आठवड्याला बोलणे होते का, आणि खोली केंद्रापासून किती दूर आहे. कर्मचारी किती, या प्रश्नाला आढेवेढे घेतले गेले, तर दुसरे केंद्र शोधावे, मग शहर कितीही आवडते असो.

आत्याला मी परतल्यावर बाकावरच्या मुलाची गोष्ट सोडून बाकी सगळे सांगितले. तिला सर्वांत जास्त आवडली ती कोर्टाची गोष्ट, आणि ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला मी जर्मनीत शिक्षा भोगून आल्याचे सांगते.